पितळी बोंडाची साक्ष

मे महिन्याच्या दुपारी नेवाशाकडून नगरला येताना पांढरीचा पूल मागे पडतो आणि इमामपूरचा घाट लागतो. घाट काही मोठा नाही, माळशेजच्या मानाने टेकाडच. पण पुढे मालाने भरलेला ट्रक, गाडीत पाच माणसे, एसी चालू आणि गिअर दुसरा, अशा वेळी पुष्कळांची नजर त्या छोट्या काट्याकडे पहिल्यांदा जाते. काटा मधली रेघ सोडून वर चढतो, तांबड्या पट्टीला टेकू लागतो आणि घाम फुटायच्या आत धपकन खाली येतो. पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. मागच्या सीटवरून सल्ला येतो, "मीटर खराब झालंय, चल पुढं."

हा सल्ला कधी बरोबर ठरतो, कधी इंजिन घेऊन जातो. दोन्हींतला फरक कळायला आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी लागते. तो काटा इंजिनाचे तापमान सांगतच नाही. इंजिनात बसवलेल्या, करंगळीच्या पेराएवढ्या पितळी बोंडाच्या टोकाला या क्षणी जे काही भिडले आहे, त्याचे तापमान तो सांगतो. टोकाला पाणी भिडले असेल तर पाण्याचे, हवा भिडली असेल तर हवेचे. वायरचा सांधा ढिला असेल, तर त्या सांध्याचेच काहीतरी. मेकॅनिक याला सेन्सर म्हणतात, जुने लोक बल्ब म्हणतात. इथे त्याला बोंडच म्हणू.

(शहराचे आणि जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे. रस्त्यावर आणि गॅरेजमध्ये मात्र अजून 'नगर'च ऐकू येते, म्हणून लेखातही तेच ठेवले आहे.)

बोंडाच्या शेजारी काय चालले असते ते पाहण्यासारखे आहे. सिलिंडरमध्ये पेट घेणारा वायू क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातो. त्याला झाकणारे हेड बहुतेक गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते, आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. म्हणजे ज्या भांड्यात आग पेटवली आहे, ते भांडे त्या आगीच्या एक तृतीयांश उष्णतेलाही टिकणारे नाही. तरी ते लाख-दीड लाख किलोमीटर टिकते, कारण आग प्रत्येक फेऱ्यात क्षणभरच असते आणि भिंतीच्या पलीकडे, बोटभर अंतरावर, नव्वद अंशांचे पाणी अखंड वाहत असते. इंधनातून निघालेल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला तृतीयांश या पाण्याला वाहून न्यावा लागतो. पाणी थांबले की भांड्याचे आयुष्य मिनिटांत मोजायचे.

पाण्याची अडचण अशी की ते शंभर अंशांना उकळते. नगरला तर त्याही आधी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथल्या स्वयंपाकघरात उघड्या पातेल्यातले पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. अकोले तालुक्यातल्या कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, साडेचौऱ्याण्णवच्या आसपास. यावर मोटारवाल्यांनी काढलेला उपाय प्रत्येक घरात शिट्ट्या मारत असतो. कुकर. रेडिएटरचे झाकण म्हणजे स्प्रिंग लावलेली शिट्टीच. ते आतला दाब सुमारे एक किलोपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी तेवढाच, चढू देते. मग नगरच्या उंचीवरही पाणी ११९-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात निम्मे ग्लायकॉल, म्हणजे कूलंट, घातले की उकळबिंदू आणखी काही अंश वर सरकतो.

कुकर पटले असेल, तर तापलेल्या गाडीचे झाकण का उघडायचे नाही हे वेगळे सांगायला नको. तरी आकडा सांगतो, कारण तो चकित करणारा आहे. ११९ अंशांचे पाणी झाकण उघडताच ९८ अंशांवर येऊ पाहते, आणि मधली उष्णता त्यातल्या काही पाण्याची वाफ करते. एका लिटरमागे जेमतेम ४० ग्रॅम पाण्याची वाफ होते. पण तेवढ्या वाफेला सत्तर लिटरच्या आसपास जागा लागते. ती जागा ती झाकण उघडणाऱ्याच्या तोंडासमोर शोधते.

आता बोंडाकडे येऊ. त्याच्या पोटात धातूंच्या ऑक्साइडची एक भाजलेली टिकली असते. साधी तार तापली की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. ही टिकली उलट वागते, तापली की विरोध कमी होतो. हे उलटे वागणे मायकेल फॅरडेने १८३३ मध्ये चांदीच्या सल्फाइडमध्ये पाहिले होते. त्याचा मोटारीला उपयोग व्हायला पुढे शंभर वर्षे लागली. आजच्या एका नेहमीच्या जातीच्या बोंडाचा विरोध २० अंशांना अडीच हजार ओहम असतो, ८० अंशांना सव्वातीनशेच्या आसपास उतरतो आणि १०० अंशांना दोनशेच्याही खाली जातो. म्हणजे गरम इंजिनात सारी गोष्ट शंभर-दीडशे ओहमच्या फरकावर चालते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

बोंडाच्या आधी काय होते? १९१२ मध्ये अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाच्या तापमापकाचे पेटंट निघाले. तो चक्क रेडिएटरच्या झाकणावर, बॉनेटच्या टोकाला उभा बसवत, आणि चालक काचेतून त्याची तांबडी रेघ वाचत असे. तो पाण्यात बुडालेला नसे, पाण्यावरच्या वाफेचे तापमान सांगे. नंतर ईथर भरलेली तांब्याची बारीक नळी आली. तिच्या एका टोकाचे बोंड इंजिनात, दुसऱ्या टोकाची वाकडी पोकळ नळी डॅशबोर्डमागे. ईथर तापला की दाब वाढे, नळी उलगडे, काटा हले. त्या वाकड्या नळीची युक्ती फ्रान्सच्या यूजीन बोर्दाँने १८४९ मध्ये पेटंट केली होती, वाफेच्या इंजिनांसाठी. या काट्याला वीज लागत नसे, त्यामुळे विजेचे आजारही नव्हते. नळी चिमटली की मात्र कारभार संपला.

पुढे विजेचा काटा आला, आणि त्याच्याबरोबर बॅटरी, अर्थिंग, सांधे. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत डॅशबोर्डमागे दहा व्होल्ट स्थिर ठेवणारी एक डबी असे. तापमान आणि पेट्रोल, दोन्ही काटे तिच्यावर पोसलेले. डबी बिघडली की दोन्ही काटे एकदमच चढत. टाकी अचानक भरलेली दिसू लागली आणि त्याच क्षणी इंजिनही तापलेले दिसू लागले, तर दोष ना टाकीत ना इंजिनात. ही खूण जुन्या वायरमनांना तोंडपाठ असे. आजच्या गाड्यांत डबी नाही, पण खूण कामाची आहे. एकापेक्षा जास्त काटे एकाच वेळी नाचत असतील तर आधी मीटरच्या अर्थिंगकडे बघायचे.

आजच्या गाडीत बोंड आपला आकडा इंजिनाच्या संगणकाला देते आणि संगणक काट्याला सांगतो कुठे उभे राहायचे. इथे कारखानदारांनी एक गंमत केली आहे. इंजिनाचे खरे तापमान दिवसभर दहा-वीस अंश खालीवर होत असते. थर्मोस्टॅट उघडतो, मिटतो, पंखा लागतो, बंद होतो. हे सगळे काट्यावर दिसले तर गिऱ्हाईक रोज शोरूमच्या दारात. म्हणून अनेक गाड्यांत साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत काटा मधोमध बांधून ठेवलेला असतो. हा काटा मधे आहे याचा अर्थ 'सगळे ठीक' एवढाच, आणि तो हलला याचा अर्थ बरेच काही आधीच घडून गेले. पुष्कळ छोट्या गाड्यांत तर काटाच नाही. थंड असताना निळा दिवा, तापल्यावर तांबडा, मधे काहीच नाही. गिऱ्हाइकाचे हित मोजले तर माझ्या मते हा सौदा वाईट आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. रेडिएटरचे झाकण सैल आहे किंवा होज पाइप चिरला आहे, दाब धरत नाही असे समजा. नगरच्या उंचीवर आतले पाणी ९८ अंशांना उकळू लागले. उकळते पाणी उकळबिंदूच्या वर तापत नाही, त्याची फक्त वाफ होत राहते. म्हणजे बोंडाला भिडलेले पाणी ९८ अंशांवरच थांबणार, आणि संगणकाच्या हिशेबी ९८ म्हणजे मधली रेघ. इंजिनातले पाणी भसाभस उडून चालले आहे आणि काटा शांतपणे मधोमध उभा आहे!

पाणी आणखी उतरले की बोंड उघडे पडते. भोवती हवा आणि वाफेची पोकळी. पौष-माघात शेतावर हुरड्याला गेलेल्यांना हे पटकन कळेल. आगटीवरच्या हवेत हात क्षणभर धरता येतो, पण त्याहून कमी तापलेल्या उकळत्या पाण्यात बोटही बुडवता येत नाही. हवा उष्णता फार हळू देते. तेव्हा इंजिन सर्वांत जास्त तापलेले असते, नेमका त्याच वेळी काटा खाली येऊ शकतो. मग चढावर किंवा वळणावर उरलेल्या पाण्याचा एक हेलकावा बोंडावर येऊन आपटतो आणि काटा एकदम उसळतो. घाटातले ते चढणे-पडणे बहुधा हे असते. तापलेल्या इंजिनाचा काटा आपोआप खाली आला म्हणून सुस्कारा सोडणारा चालक नेमका उलटा अर्थ लावत असतो. त्याच वेळी हीटर लावून पाहावा. गरम हवेऐवजी गार हवा आली, तर हीटरच्या नळ्यांतही पाणी नाही. याहून सोपी आणि फुकट चाचणी मला माहीत नाही.

शेतकऱ्याला यातला दुसरा प्रकार सांगावा लागत नाही. पंपाने हवा धरली की मोटार फिरते, पाणी येत नाही. गाडीचेही तसेच. होज पाइप बदलला, पाणी भरले, झाकण लावले, पण आत कुठेतरी हवेचा फुगा अडकला, की काटा नाचतो. गाडी गॅरेजमधून आल्यावर दोन दिवसांत काटा वेडावाकडा वागू लागला तर बहुतेक वेळा फुगाच असतो. फुगा काढूनही पुन्हा पुन्हा होत असेल, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ येत असेल, तर हवा बाहेरून नव्हे, सिलिंडरमधूनच येते आहे. हेड गॅस्केट उडाले. मग खर्च मोठा.

तिसरा संशयित थर्मोस्टॅट. इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवरचा हा दरवाजा मेणावर चालतो. पितळी कपात मेण भरलेले असते. ते ८२ ते ८८ अंशांच्या आसपास वितळू लागते, वितळताना फुगते आणि दांडा ढकलून दार उघडते. सर्जियस व्हर्नेट याने १९३०च्या दशकात ही युक्ती काढली. ना वीज, ना संगणक, नुसते मेण, आणि आजही बहुतेक गाड्या त्यावर चालतात. दार उशिरा उघडू लागले की काटा आधी चढतो, मग दार एकदम सुटून रेडिएटरमधले गार पाणी आत घुसते आणि काटा कोसळतो. याला एक लय असते. दार उघडेच अडकले तर काटा गावात मधे राहतो आणि पुणे रस्त्यावर गाडी ऐंशीने धावू लागली की खाली घसरतो.

इथे आपल्याकडच्या एका रिवाजाबद्दल बोलायलाच हवे. "उन्हाळा कडक आहे, थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड राहील," असे म्हणून तो काढून फेकणारे मेकॅनिक नगरमध्ये आहेत तसे महाराष्ट्रभर आहेत. काढल्यावर काटा खाली दिसतो, मालक खूश होतो. पण इंजिन नव्वद अंशांना चालण्यासाठी घडवलेले असते. थंड चालले की तेलातला ओलावा उडत नाही, पेट्रोल जास्त जळते, सिलिंडर झिजतात. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचाच दुसरा पत्रा आतली आडवाट बंद करतो. तो काढला की पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून तसाच गरम इंजिनात परततो, आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून, शेजारी तापमापक धरून, कधी उघडतो ते घरीच बघता येते. दोष असेल तर नवा बसवावा.

थर्मोस्टॅट अडकतो का, रेडिएटर तुंबतो का, याचे नगरकडचे एक कारण जमिनीखाली आहे. काळ्या बेसॉल्ट खडकातून आलेले बोअरचे पाणी जड असते. ज्या घरात ते पितात तिथे कुकरच्या तळाशी पांढरा थर साचतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साचतो आणि बोंडाच्या टोकावरही. क्षाराचे पांघरूण घेतलेल्या बोंडाला उष्णता उशिरा कळते. रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच घालावे, असे बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकांत छापलेले असते, आणि ढाब्यावरचा पिंप जवळ असतो. अडचणीत पिंपाचे पाणी घालायला हरकत नाही. ते वर्षभर तसेच ठेवायला आहे.

चौथा संशयित वायर, आणि मला यात सर्वांत जास्त गंमत वाटते. मघाचा आकडा आठवा, सारा खेळ शंभर-दीडशे ओहमचा. सांध्यात गंज चढला, पन्नास ओहमचा जादा अडथळा आला, की संगणकाला इंजिन उगाच गार वाटू लागते. गाडी खड्ड्यात आदळली की सांधा हलतो, काटा हलतो. ओळखायचे कसे? पाणी जड असते, त्याला तापायला-निवायला वेळ लागतो. म्हणून खरा बदल दिसायला अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटे लागतात. हेलकावा आणि पोकळी सोडली, तर पापणी लवायच्या आत इकडून तिकडे उडी मारणारा काटा विजेचाच. आणि हेडलाइट लावल्यावर काटा चढतो, इंडिकेटरच्या टिकटिकीबरोबर नाचतो, असे असेल तर अर्थिंग ढिले आहे याबद्दल पैज लावावी. इंजिन आणि बॉडी जोडणारी विणलेली पट्टी काढून, घासून, घट्ट बसवली की काम होते. एकच वायर असलेल्या जुन्या बोंडांचे अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच होते. गळू नये म्हणून कोणी आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली की पाणी थांबते आणि साक्षही अडखळते.

अशा जुन्या बोंडाची वायर काढली तर काटा तळाला जायला हवा, आणि तीच वायर क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवली तर वर. दोन्ही झाले तर वायर आणि मीटर निर्दोष, बोंड बदला. नव्या गाडीवर हा प्रयोग करू नये. तिथे स्कॅनर लावून संगणकाला काय दिसते ते वाचावे. वायर तुटलेली असेल तर तो उणे ४० अंश दाखवतो. मे महिन्यात, नगरला! त्याचे त्यालाही ते पटत नाही, म्हणून तो मनानेच एक तापमान गृहीत धरतो आणि सुरक्षितता म्हणून बहुधा पंखा सतत फिरवतो. सांधा मधूनच सुटत असेल तर 'पी ०११९' हा सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो, थर्मोस्टॅटचा संशय असेल तर 'पी ०१२८'.

पंखा, बेल्ट आणि वॉटर पंप यांचे थोडक्यात. सिग्नलला उभे असताना तापते आणि धावताना निवते, तर पंखा. गावात ठीक पण घाटात तापते, तर तुंबलेला रेडिएटर किंवा थकलेला पंप. हे खरे तापणे असते, तिथे काटा खोटा नाही.

नगरला या सगळ्याचा एक वेगळा शेजारही आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहन संशोधन आणि विकास आस्थापना इथेच, वाहननगरला आहे. देशात विकायच्या गाड्यांचे नमुने ज्या संस्थांनी तपासून मंजूर करायचे, त्यांच्या यादीत केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६व्या नियमात तिचे नाव आहे. (रणगाड्यांचे संशोधन करणारी आवडीची संस्था वेगळी, नावांच्या साम्यामुळे गल्लत होते.) चाचणीच्या गाडीचे एका काट्यावर भागत नाही. हेडवर, तेलात, पाणी आत येते तिथे आणि बाहेर पडते तिथे, अशा अनेक जागी तापमापक तारा चिकटवतात. बोंड एका जागेचा साक्षीदार आहे हे मोजणाऱ्यांनी केव्हाच मान्य केले आहे.

आणि आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभारलेल्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर तोफांबरोबर मागच्या जाळ्याही बघा. ब्रिटिश सेंच्युरियनचे मीटिऑर इंजिन पाण्याने थंड होणारे, तर अमेरिकी पॅटनचे कॉन्टिनेंटल इंजिन हवेने. एकाला रेडिएटर सांभाळायचा, दुसऱ्याला पंख्यांचे वारे. हवेचा मार्ग नगरकरांना घरचाच आहे. फिरोदियांच्या कायनेटिकची लुना १९७२ साली आली, आणि नगरच्या कारखान्याशी तिचे नाव कायमचे जोडले गेले. तिच्या पन्नास सीसीच्या इंजिनाला पाणी नव्हते, थर्मोस्टॅट नव्हता, बोंड नव्हते आणि म्हणून खोटे बोलायला काटाही नव्हता.

परत घाटात. काटा नाचू लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरम, आणि मोकळी जागा दिसताच गाडी बाजूला. काटा तांबड्यात असेल, वाफ दिसत असेल किंवा हीटरमधून गार हवा येत असेल तर इंजिन लगेच बंद. बॉनेट उघडायचे, झाकणाला हात लावायचा नाही. पांढरीच्या पुलावर भेळ चांगली मिळते, निदान पाऊण तास तिथे काढावा. वरचा होज पाइप हाताला सोसवू लागला की जाड फडके धरून झाकण आधी अर्धेच फिरवायचे, फुस्स आवाज थांबला की पूर्ण. पाणी थोडे थोडे घालायचे. तापलेल्या लोखंडावर गार पाण्याची बादली ओतली तर इंजिनाला तडा जाऊ शकतो.

मग फुगा काढायचा. इथे मघाचा चढ उपयोगी पडतो. वाहतुकीपासून दूर एखादा चढता फाटा बघून गाडी तोंड वर करून उभी करावी, म्हणजे झाकण ही सर्वांत उंच जागा होते. हँडब्रेक ओढून चाकांमागे दगड लावावेत. हीटर गरमवर, झाकण उघडे, इंजिन चालू. पाण्याची पातळी एकदम खाली जाते, भरावी. एखादा मोठा बुडबुडा येतो, पुन्हा भरावी. होज पाइप हाताने दाबत राहिले की उरलेले बुडबुडे एकेक करून वर येतात. दहा-पंधरा मिनिटांत हीटरची हवा चांगली गरम लागते, खालचा पाइप तापतो म्हणजे मेणाने दार उघडलेले असते, आणि थोड्या वेळाने पंखा आपणहून घरघरतो. तो एकदा लागून बंद झाला आणि तोवर काटा जागचा हलला नाही, तर झाकण लावून नगरची वाट धरायला हरकत नाही.